लंगडीचा उजवा पाय

सोमवारी दुपारी खेळ पहिल्यांदाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून पाहायचा होता. पडद्यावर माळ आला, डांबरी रस्ता आला, कडेची बाभळ आली. मग कळप आला आणि सगळं अडकलं. मेंढरांनी एक पाय उचलला तो हवेतच राहिला. थोड्या वेळाने तो खाली टेकला आणि दुसरा उचलला गेला. राजवर्धनने कीबोर्डवरचे हात काढले, खुर्ची मागे सरकवली आणि कोपऱ्यातला आकडा वाचला. सेकंदाला साठ चित्रं सरकायला हवी होती. सहा सरकत होती.

“माझ्या कोडमध्ये काही नाही,” त्याने कोणी विचारायच्या आत सांगितलं.

“माझी झाडं पण हलकी आहेत,” पल्लवी म्हणाली. “बाभळ एकच आहे. तीच फिरवून फिरवून लावलीय.”

मग दोघांनी सोनियाकडे पाहिलं.

तिघे गेम डिझाइन आणि अ‍ॅनिमेशनच्या शेवटच्या वर्षाला होते. विद्यापीठ खंडाळा तालुक्यात, महामार्गाच्या वरच्या अंगाला होतं. लॅबच्या काचेतून ट्रकची रांग दिसायची, आवाज यायचा नाही. शुक्रवारी ज्युरी होती. पुण्याच्या स्टुडिओतले पाहुणे येणार, प्रत्येक गटाचा खेळ स्वतः खेळून पाहणार आणि त्यावर सत्राचे निम्मे गुण ठरणार. राजवर्धन सांगलीचा, विश्रामबागचा, कोड त्याचं. पल्लवी साताऱ्याची, माळ, रस्ता, झाडं तिची. सोनिया आटपाडीच्या पलीकडच्या हिवरवाडीची. मेंढरं तिची.

खेळाची कल्पना राजवर्धनची होती. एकदा सांगलीहून येताना त्याची गाडी एका कळपात अडकली होती, त्यावरून त्याला ती सुचली. माळावरून निघायचं, घाटापर्यंत कळप न्यायचा, वाटेत लांडगा, ओढा, हायवे. वर्गात त्याने ती मांडली तेव्हा सगळ्यांना आवडली. शेवटी तो म्हणाला, “आणि रेफरन्स शोधत बसायला नको. सोनिया आहेच.” वर्ग हसला. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. सोनियाही हसली. सरगर या आडनावावरून ती धनगराची हे सगळ्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. त्यापुढे मात्र कोणी काही विचारलं नव्हतं.

राजवर्धनने तिचं फोल्डर उघडलं. फाइलींना नावं होती. भुरी, बांडी, काळतोंडी, चांदी, मोरी, लंगडी. तो माउसचं चाक फिरवत खाली गेला, अजून खाली गेला.

“हे सगळं वेगवेगळं आहे?”

“हो.”

“म्हणजे प्रत्येकाचं मॉडेल वेगळं? टेक्स्चर वेगळं?”

“हो.”

“चाल पण वेगळी नाही ना?”

“सगळ्यांची नाही. काहींची आहे.”

राजवर्धनने पल्लवीकडे पाहिलं. “ही येडी झालीय,” तो म्हणाला, पण रागाने नाही. त्याला खरंच नवल वाटलं होतं. “सोनिया, अगं, एक मेंढरू करायचं होतं. एक! मी त्याचा कळप करणार होतो.”

“तू कळप म्हणाला होतास.”

“कळपच. गेममधला कळप असाच असतो. तुला दुसऱ्या वर्षाला शिकवलंय की. तूच स्टेडियममधली गर्दी केली होतीस ना? किती माणसं केली होतीस तेव्हा?”

“तीन.”

“मग?”

स्टेडियमची गर्दी तिने तीन माणसांवर भागवली होती आणि तिला त्यात चांगले गुण मिळाले होते. विटांची भिंत एका विटेची असते, शेत एका धाटाचं असतं, हे तिला वर्गातल्या कोणाहीइतकंच ठाऊक होतं. मेंढरंही त्यातच मोडतात, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. जुलैपासून ती एकेक करत गेली होती. हॉस्टेलच्या खोलीत, सुट्टीच्या दिवशी, मेसला जायच्या आधी. कोणी विचारलं तर ‘मेंढरं चाललीत’ म्हणायची आणि त्यांना ते पुरायचं. चाचणीसाठी तिने चार-पाच दिली होती, ती नीट पळाली. बाकीची तिने रविवारी एकदम चढवली.

तिच्या घरी मेंढरं मोजत नसत. संध्याकाळी शेतात जाळीचं गोल कुंपण उभं करायचे, त्याला वाघर म्हणत. वाघरीचं तोंड उघडं ठेवून मेंढरं आत घेत आणि तिची आई, हरणाबाई, तोंडाशी उभी राहून बघत राही. सगळी आत गेली की ती म्हणायची, “बांडी न्हाई.” किंवा काहीच म्हणायची नाही, म्हणजे सगळी आली. किती आहेत असं एखाद्या शेतकऱ्याने विचारलं तर सोनियाचा बाप बिराप्पा हाताने कळप दाखवायचा: ही एवढी.

दीक्षा मॅडम आल्या. त्या आधी पुण्यात एका स्टुडिओत होत्या. आता शेवटच्या वर्षाला शिकवत. त्यांनी उभ्या उभ्याच चार-सहा फाइली उघडल्या, एकेक मेंढरू पडद्यावर गोल फिरवून पाहिलं. एकीचा कातरलेला कान जवळ घेऊन पाहिला.

“काम चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. “पण शुक्रवारी चालणार नाही. यातलं कुठलंही एक निवड आणि राजवर्धनला दे. रंगाचे चार प्रकार तो इंजिनात करेल. बुधवार संध्याकाळपर्यंत.”

“मॅडम, निदान निम्मी?”

“राजवर्धन, निम्मी टाकून बघ.”

त्याने टाकून पाहिली. कळप थोडा कमी अडकला, पण अडकलाच.

“एक,” दीक्षा मॅडम म्हणाल्या. “आणि मनाला लावून घेऊ नकोस. खेळ उभा राहणं महत्त्वाचं. तुमचे तिघांचे गुण एकत्र आहेत.”

सोनियाने आणखी एक गोष्ट विचारली. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात राहिलेल्या मेंढरांचा आकडा दिसत होता. तो काढता येईल का? खेळणाऱ्याने बघून ओळखावं, कोण नाही ते.

“सगळी सारखीच असल्यावर कसं ओळखणार?” राजवर्धन म्हणाला. तो टोमणा नव्हता. तिच्याही ते लगेच लक्षात आलं.

मंगळवारी सकाळी ती निवडायला बसली. भुरी उघडली, बंद केली. चांदी उघडली. चांदीचं तोंड तिला चांगलं जमलं होतं. म्हणून ती बाजूला काढली आणि पुन्हा जागेवर ठेवली. तेवढ्यात हरणाबाईचा फोन आला. कळप लोणंद सोडून पुढे सरकला होता. आज हिंदुराव पाटलाच्या रानात बसणार होता, रस्त्यालगतच, खंडाळ्याच्या अलीकडे. उद्या सकाळी हालायचं.

“येतीस का?” हरणाबाईने विचारलं. “तुज्या कॉलेजाचं दिवं दिसत्यात म्हनं तितनं. तुजा बा म्हनतूय, लांब न्हाई.”

दिवाळी झाली की बिराप्पाचा कळप दरवर्षी फलटण, लोणंद करत भोरकडे आणि तिथून घाट उतरून कोकणात जायचा. मृगाला गावी परतायचा. सोनिया अकरावीला सांगलीच्या वसतिगृहात गेली तेव्हापासून तिचं वेळापत्रक याच्या नेमकं उलटं पडलं होतं. कळप गावी यायचा तेव्हा तिची सुट्टी संपलेली असायची. आई-बापाची भेट व्हायची, पण कुठे तरी एस.टी. स्टँडवर, लग्नात, एकदा मिरजेच्या दवाखान्यात. कळपात ती अकरावीला जायच्या आधी शेवटची गेली होती.

“येते,” ती म्हणाली.

शेजारच्या टेबलावरून पल्लवीने मान वर केली. “तुझे आई-बाबा इकडे आलेत? मेंढरं घेऊन? अय्या, मग चल की, आपण सगळे जाऊ! शूट करू, आवाज रेकॉर्ड करू. घंटांचे वगैरे.”

“नाही,” सोनिया म्हणाली. “ते पुढे गेलेत.”

“आत्ता तू येते म्हणालीस ना?”

“गावी. गावी येते म्हणाले.”

पल्लवीने मान खाली घातली. तिने विश्वास ठेवला की नाही हे कळलं नाही, आणि तिने पुन्हा विचारलंही नाही.

चारच्या सुमाराला सोनिया लोणंद रस्त्याला वडापच्या, सीटवारी भाड्याच्या जीपमध्ये बसली आणि पाटलाच्या रानापाशी उतरली. बाजरी निघून गेलेलं मोकळं रान होतं. कडेला बिऱ्हाड उतरलेलं: तीन दगडांची चूल, घोड्यावरून काढलेली गाठोडी, टोपलीखाली कोंबड्या. ती बांध ओलांडायला गेली तेव्हा एक काळं कुत्रं अंगावर धावून आलं. ती जागच्या जागी थांबली.

“हाड्! आरं घरची हाय, घरची!” हरणाबाईने ढेकूळ फेकलं. कुत्रं चार पावलं मागे सरकलं आणि तिथून भुंकत राहिलं. “हलू नगंस सोने. नवं हाय ते. तुला वळखत न्हाई.”

“वाघ्या कुठाय?”

“वाघ्या व्हय? त्याला जाऊन दोन सालं झाली की.”

हरणाबाईने तिचे दोन्ही गाल हातात धरले, मनगट चाचपून बघितलं, वाळलीस म्हणाली. चुलीवर भाकरीबरोबरचं कोरड्यास शिजत होतं. सोनियाने भाकरी थापायला घेतली. पहिली फाटली, दुसरी जमली. बांधावर रानाचा मालक हिंदुराव येऊन बसला होता. मेंढरं रात्रभर रानात बसली की रानाला खत मिळतं. त्याबदल्यात त्याने धान्य द्यायचं ठरलं होतं. ते पोतं तो स्वतः घेऊन आला होता.

“हरणाबाई, ही तुमची लेक? आमच्या हिकडच्या कॉलेजात हाय म्हनं. काय शिकतीस गं?”

“खेळ करायला शिकते. कॉम्प्युटरवरचे. आता मेंढरांचा खेळ केलाय.”

“मेंढरांचा?” हिंदुरावला मजा वाटली. “म्हंजी कॉम्प्युटरात मेंढरं राखती व्हय तू?”

“व्हय.”

“लेंड्या टाकत्यात का ती?”

“न्हाई.”

“मग माज्या काय कामाची न्हाईत,” हिंदुराव म्हणाला आणि स्वतःच मोठ्याने हसला. हरणाबाईही तोंडाला पदर लावून हसली. सोनियाला दोन महिन्यांत पहिल्यांदा असं हसू आलं.

दिवस कलला तसा बिराप्पा कळप घेऊन आला. आधी धूळ दिसली, मग आवाज आला, मग मेंढरं. सोनिया उठून वाघरीच्या तोंडाशी आईशेजारी जाऊन उभी राहिली. लहानपणी ती जशी घालायची तशीच तिने जिभेने हाक घातली. पुढच्या मेंढरांनी माना वर केल्या, तिला पाहिलं आणि ती बाजूला फुटली.

“आगं सरक, सरक,” बिराप्पा मागून ओरडला. “बुजत्यात ती.”

ती सरकली. मेंढरं आत जाऊ लागली. ती एकेकीचं तोंड बघत होती. काळं तोंड दिसलं की तिला वाटायचं ही काळतोंडी, आणि ती काळतोंडी नसायची. भुरा रंग दिसायचा, त्याखालचं तोंड परकं असायचं. हरणाबाईचे ओठ किंचित हलत होते. शेवटचं कोकरू आत गेल्यावर ती काही बोलली नाही. सगळी आली होती.

जेवण झाल्यावर सोनियाने मोबाइल काढला. प्रत्येक मेंढराचा गोल फिरणारा छोटा व्हिडिओ तिने करून ठेवला होता. चुलीच्या उजेडात हरणाबाईने मोबाइल दोन्ही हातांत धरला. बिराप्पा मागून वाकून बघत होता.

“आगं बया,” हरणाबाई म्हणाली. “ही भुरी.”

आईने ओळखली होती.

“ही मेली गं. तू सांगलीला व्हतीस तवाच. नाकातनं पानी याचं.” तिने बोटाने पुढचं आणलं. “काळतोंडी. ही लोणंदच्या बाजारात गेली. ही चांदी... चांदी बी गेली. आवं, चांदी कवा गेली?”

“परवाच्या साली,” बिराप्पा म्हणाला. “लांडग्यानं.”

“व्हय, व्हय. मोरी. मोरीची लेक हाय आता, पर आईवर न्हाई गेली ती. बांडी, ही बी न्हाई.” ती एकेक पुढे सरकवत गेली. आवाजात दुःख नव्हतं. जुन्या शेजाऱ्यांची खबर सांगावी तसं ती सांगत होती. “लय हुबेहूब केलीस गं. पर ही समदी तवाची हायती.”

सोनियाने मान हलवली. पाच महिने तिने जो कळप उभा केला होता तो त्या रानात नव्हता. कुठेच नव्हता. आणि हा जो वाघरीत बसून रवंथ करत होता त्यातलं एकही तोंड तिला ठाऊक नव्हतं.

“आता तिकडं म्हंत्यात, एकच ठेव,” ती म्हणाली. “यातली एक निवड म्हंत्यात. बाकीची काढायची.”

“एक निवडायची?” हरणाबाईला कळेना. “इकायला?”

“न्हाई. ठेवायला.”

“ठेवायला कोन निवडतंय? ठेवायची ती आपसूकच ऱ्हात्यात. निवडायची ती बाजाराला.” तिने मोबाइल परत दिला, मग पुन्हा मागितला. “थांब. ही शेवटची कोन?”

लंगडी होती.

“ही हाय!” हरणाबाई म्हणाली. “आवं, लंगडी हाय की आपली. लंगडीला कोन इकत घेतंय? म्हनून ऱ्हायली. जा, बगून ये. त्या कडंला बसती ती, घोड्याच्या अंगाला.”

सोनिया मोबाइलचा उजेड घेऊन वाघरीच्या कडेने गेली. लंगडी म्हातारी झाली होती. तोंडावरची लोकर विरळ, डोळे पाणावलेले. उजेड पडताच ती उठली आणि चार पावलं दूर गेली. सोनियाने ती चाल पाहिली. मग मोबाइलवर आपली चाल पाहिली. या चालीवर तिने सगळ्यांत जास्त दिवस घालवले होते. पाय कुठे आखडतो, मान कधी खाली जाते, वजन कुठल्या बाजूला पडतं. मॉडेलमधली लंगडी मागच्या डाव्या पायाने लंगडत होती. समोरची उजव्या.

ती परत आली. “आई, लंगडी पयल्यापासनं उजव्याच पायानं लंगडती का?”

“मंग? कोकरू हुती तवा घोड्यानं लाथ घातली न्हवती का? तू तितंच हुतीस.”

बिराप्पा तिला रस्त्यापर्यंत सोडायला आला. कुत्रं मागून येत होतं, तिच्यापासून अंतर ठेवून. वडापची वाट बघत दोघे उभे राहिले. समोरच्या चढावर विद्यापीठाच्या इमारतीचे दिवे दिसत होते.

“जमतंय का तुला त्यातलं?” बिराप्पाने विचारलं.

“जमतंय.”

“एकटीच असतीस, का जोडीला कोन हाय?”

“दोघं हायती की.”

“मग बरं हाय,” बिराप्पा म्हणाला. जीप आली. त्याने ती हाताने थांबवली आणि ड्रायव्हरला दोनदा सांगितलं, कॉलेजच्या दारातच उतरव.

बुधवारी सोनिया सकाळी लॅबमध्ये आली आणि जुन्या फोल्डरला हात न लावता कोरी फाइल उघडली. तिने एक मेंढरू केलं. मध्यम उंचीचं, मध्यम अंगाचं. तोंड कुणाचंच नव्हतं. डोळ्यांमधलं अंतर पुस्तकात असतं तेवढं ठेवलं. कान अखंड, कुठेही कातरलेला नाही. चालीत कुठलाही पाय आखडत नव्हता. दुपारपर्यंत ते झालं. आधीच्या एकेका मेंढराला तिला आठवडा लागला होता.

“ए, झकास!” राजवर्धन म्हणाला. त्याने ते इंजिनात टाकलं, बोटाच्या एका दाबाने त्याचा कळप केला, रंगाचे चार प्रकार केले. कळप माळावरून वाहत गेला. कोपऱ्यात साठ. “हे पहिल्यांदाच दिलं असतंस तर माझी सोमवारची झोप तरी नीट झाली असती. हे त्यातलं कुठलं?”

“कुठलंच नाही.”

“असू दे, मस्त आहे,” तो म्हणाला आणि ओढ्याच्या पाण्याकडे वळला. पाणी अजून नीट दिसत नव्हतं.

शुक्रवारी ज्युरी झाली. दोन पाहुण्यांपैकी जाकीट घातलेला खुर्चीत बसला आणि त्याने कळप हायवेपर्यंत नीट आणला. हायवेवर त्याची घाई झाली. एक ट्रक गेला. कोपऱ्यातला आकडा एकाने उतरला, मग आणखी तिनाने.

“गेली काही,” तो हसून म्हणाला. “चालतंय, आहेत अजून.” पलीकडे पोचल्यावर त्याने विचारलं, “परत करू?” आणि उत्तराची वाट न बघता बटण दाबलं. सगळी पुन्हा माळावर उभी होती.

सोनिया भिंतीला टेकून बघत होती. ट्रक आला तेव्हा तिला काहीच वाटलं नाही. तेवढ्यासाठीच तिने ते मेंढरू केलं होतं.

“शीप कोणी केलं?” दुसऱ्या पाहुण्याने विचारलं. राजवर्धनने तिच्याकडे हात केला. “अगदी स्वच्छ मॉडेल आहे. एक फालतू रेघ नाही.”

“थँक यू, सर.”

गुण चांगले मिळाले, वर्गात दुसरे. पल्लवीने तिला मिठी मारली. सामान आवरताना दीक्षा मॅडम तिच्याजवळ आल्या.

“बाकीची कुठे आहेत?”

“आहेत, मॅडम.”

“पोर्टफोलिओत घाल. तशी कामं कोणी करत नाही. फक्त ती एक लंगडणारी आहे ना, तिच्यापासून सुरुवात कर. ती चाल एकदम खरी आहे.”

सोनिया काही तरी सांगणार होती. मग फक्त ‘हो, मॅडम’ म्हणाली.

गट दुपारच्या जेवणाला वाईला निघाले होते. राजवर्धनने दारातून विचारलं, “येतेस ना?” त्याची गाडी खाली चालू होती आणि मागच्या सीटवर दुसऱ्या गटातली तिघं बसलेली काचेतून दिसत होती.

“तुम्ही जा. माझं थोडं राहिलंय.”

“ज्युरी झाली की गं! आता काय राहिलंय?”

“आहे थोडं.”

“बघ बाबा. मग म्हणू नकोस, विचारलं नाही,” तो म्हणाला आणि जिन्याने खाली गेला.

लॅब रिकामी झाली. काचेबाहेर ट्रकची रांग बिनआवाजाची चालली होती. सोनियाने लंगडी उघडली. चालीचे सगळे बिंदू डावीकडचे उजवीकडे नेले. मान, खांदा, शेपटी, वजन, सगळं परत बसवावं लागलं. तास-दीड तास गेला. लंगडी उजव्या पायाने लंगडायला लागली. सोनियाने ती थोडा वेळ नुसती पाहिली. मग आईला फोन लावला. दोनदा लागला नाही, तिसऱ्यांदा लागला. मागे वारा होता आणि घंटांचा आवाज.

“आगं, भोर गेलं मागं. घाटाच्या तोंडाला हाय आमी,” हरणाबाई ओरडून बोलत होती. “तुजी ती परीक्षा झाली का?”

“झाली. आई, मला सांग, आता कळपात कोन कोन हाय?”

“कोन कोन म्हंजी?”

“समदी. एकेक सांग. दिसायला कशी हाय ते सांग.”

“आत्ता?” हरणाबाई हसली. पण तिला प्रश्न वेडा वाटला नाही. ती चालता चालता सांगू लागली, समोर दिसेल तशी. “पुढं मोरीची लेक. ती तांबूस हाय, पोटाखाली पांढरी. शिंगं न्हाईत. तिच्या मागनं एक हाय, तिला आमी ढवळी म्हंतू, पर ढवळी नावालाच हाय, समदी मळकी. कपाळावर भोवरा हाय तिच्या. दोन भोवरं. तिची चाल लय हलकी.”

सोनियाने कोरी फाइल उघडली होती. हेडफोनमधला आवाज ऐकत ती आडवा देह ओढत होती, मग मान, मग कपाळ. कपाळावर दोन भोवरे.

“कान?” तिने विचारलं.

“कान लांब. खाली पडल्यालं. एक कातरलाय.”

“कुटला? डावा का उजवा?”

वाऱ्याचा आवाज आला. घंटा आल्या. हरणाबाई काही तरी म्हणाली ते तुटलं. मग दुसरंच ऐकू आलं, बिराप्पा कुणाला तरी हाकत होता. मग काहीच नाही.

तिने पुन्हा लावला. लागला नाही. कळप घाटात उतरला होता. तिथून पुढे दोन-तीन दिवस रेंज नसते, हे तिला माहीत होतं.

तिने दोन्ही कानांची जागा मोकळी ठेवली आणि पाय करायला घेतले.